नकाशांच्या खंडात बांधली गेलेली शेवटची सोळा पाने पाहू देण्याबाबत

प्रति,
मा. ग्रंथालय अधिकारी,
सार्वजनिक ग्रंथालय, मुख्य इमारत,
पहिला मजला.

विषय : ‘मोठ्या आकाराचे नकाशे, खंड तिसरा’ यात चुकून बांधल्या गेलेल्या चित्रकथेची अखेरची सोळा पाने पाहण्यास परवानगी मिळणेबाबत. (तिसरा अर्ज)

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. २) आपल्या कार्यालयाचे एका ओळीचे उत्तर : “नकाशांच्या खंडात चित्रकथा असू शकत नाही.”

महोदय,

१. माझी मुलगी (वय वर्षे आठ, घरात तिला भिंगरी म्हणतात) आपल्या बालविभागाची वाचक आहे आणि मी तिची आई आहे. हे दुसरे विधान एरवी मी अर्जात लिहिले नसते, कारण ते कोणी विचारत नाही. सध्या आमच्या घरात ते रोज विचारले जाते, म्हणून सुरुवातीलाच नोंदवून ठेवते.

२. बालविभागात खिडकीखालच्या कपाटात जुन्या महानायकांच्या चित्रकथांचे नऊ बांधीव खंड आहेत. मुखवटे, पाठीवर फडफडणारे झगे, पिवळी पडलेली पाने. पहिला खंड मीच तिच्या हातात दिला. जुने म्हणजे निरुपद्रवी, अशी माझी समजूत होती. यातला प्रत्येक नायक आपापल्या मालिकेत सुखाने नांदत असताना मध्येच एक कथानक सुरू होते आणि ते सगळ्यांच्या घरांतून फिरते. काचमानव त्याच्या अंकात पुलावरून पडतो. त्याला ढकलले कोणी, ते वादळवेणीच्या अंकात कळते. तिने का ढकलले, ते पाण्याखालच्या सेनापतीच्या अंकात. आणि सेनापतीला काही आठवत नाही, कारण त्याची स्मृती भलत्याच एका वार्षिक अंकात चोरीला गेली आहे. मेलेली माणसे दोन अंकांनी परत येतात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. वाचकाची वाट चुकू नये म्हणून पानाच्या तळाशी बारीक चौकट असे : ‘हे कसे घडले? पाहा, वादळवेणी, अंक १७.’

३. या चौकटी आपल्या खंडांत नाहीत. आपल्या बांधणी विभागात कडा समान करताना त्या छाटल्या गेल्या. शिवाय अंक मालिकेप्रमाणे किंवा क्रमाने न बांधता उंचीप्रमाणे बांधले आहेत. हे काम ज्यांनी केले ते बाइंडरकाका आता निवृत्त आहेत. मी त्यांना घरी जाऊन भेटले. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत देते : “बाई, मी उंची बघून बांधायचो. गोष्ट बघून बांधायची तर गोष्ट वाचावी लागते, आणि मी वाचत बसलो असतो तर बांधलं कोणी असतं?”

४. तरीही आम्हाला क्रम सापडला. प्रत्येक खंडाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर बत्तीस वर्षांपूर्वी वाचक क्र. ६११ याने (किंवा हिने) हे खंड नेल्याची नोंद आहे. चौथा, पहिला, सातवा, परत चौथा, मग नववा, अशा विचित्र उड्या मारत. त्या तारखांच्या मागे मागे आम्ही वाचत गेलो आणि कथानक अगदी सुतासारखे सरळ लागले. चौकटी नसताना त्या मुलाने ते एकट्याने लावले होते. त्या वेळी मला कौतुक वाटले. भिंगरी आणि मी गालिच्यावर पोटावर पडून वाचत होतो. ते तीन आठवडे चांगले गेले, हे मुद्दाम लिहिते.

५. सगळ्या गोंधळाच्या मागे ‘मौन मंडळ’ नावाची एक गुप्त संघटना आहे, हे पाचव्या खंडात उघड होते. तिचे हस्तक झगे घालत नाहीत. ते पोस्टमन असतात, शिक्षिका असतात, दूध गरम करून देणाऱ्या बायका असतात. आपण हस्तक आहोत हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसते. ओळखायची खूण एकच : हस्तक हसण्यापूर्वी किंचित थांबतो. पापणी मिटून उघडेल इतकेच. खंडाच्या शेवटच्या पानावर वादळवेणी मोहीम संपवून घरी येते, तिची आई शेगडीकडून वळते, आणि एक अख्खी चौकट काहीही घडत नाही. पुढच्या चौकटीत आई हसते. त्या चित्रातच मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : हस्तकांची संपूर्ण यादी व त्यांच्या सुटकेचा उपाय महाविशेषांकात.

६. त्या दिवसाला सात आठवडे झाले. मी दिलेला दुधाचा पेला भिंगरी माझ्या पेल्याशी बदलून घेते. शाळेतून आली की दारातच उभी राहून माझ्या तोंडाकडे बघते. “माझा पहिला दात कुठे पडला होता?” असे एकदा तिने विचारले. शाळेच्या जिन्यात, असे मी सांगितले. “बरोबर आहे,” ती म्हणाली, “पण त्यांना सगळंच माहीत असतं.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी समजूत काढली असती.

७. तिच्या बाबांवर संशय नाही. ते विनोद पुरा व्हायच्या आतच हसतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी सुटले. त्यांचे मत असे की, “अगं, चार दिवसांचं खूळ आहे, हसून सोडून दे.” हसून सोडून देणे हीच माझी अडचण आहे, हे त्यांना समजावून सांगता येत नाही. घाबरून मी एक चूक केली. पाचवा खंड तिच्या हाताला लागू नये म्हणून माळ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी ती मला शांतपणे म्हणाली, “हस्तक पुरावे लपवतात. चौथ्या खंडात आहे.” चौथ्या खंडात आहे, हे मी पाहिले.

८. खंड परत काढला तेव्हा शेवटच्या पानाच्या आतल्या समासात पेन्सिलीची पुसट अक्षरे दिसली. वळण लहान मुलाचे आहे. ‘काका - नाही. मास्तर - नाही. आई - ?’ याच्याखाली भिंगरीने आपल्या अक्षरात लिहिले आहे, ‘माझी पण ?’. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहिणे नियमबाह्य आहे, याची मला जाणीव आहे. तीन वेळा रबर हातात घेतले. खोडण्याची हिंमत झाली नाही, याबद्दल क्षमस्व.

९. वाचक क्र. ६११ चे पुढे काय झाले, हे मी आपल्या ग्रंथपालबाईंना विचारले. त्यांनी सौजन्याने जुनी वही उघडून दाखवली. पाचवा खंड परत केल्यानंतर सहाव्या दिवशी कार्ड बंद झाले आहे. कार्ड आईने आणून दिले. कारणाच्या रकान्यात आईच्या सुंदर, न थरथरलेल्या हस्ताक्षरात लिहिले आहे : ‘आता गरज उरली नाही.’ महोदय, हे वाक्य मी घरी येताना पूर्ण रस्ताभर निरनिराळ्या सुरांत म्हणून पाहिले. एका सुरात मूल बरे झाल्यासारखे वाटते. दुसऱ्या सुरात वाटत नाही.

१०. महाविशेषांक आकाराने दुप्पट होता. त्याच्या उंचीचे त्या आठवड्यात दुसरे काहीच नव्हते, म्हणून तो नकाशांबरोबर शिवला, हे बाइंडरकाकांना पक्के आठवते. रंगीत पाने मध्येच आल्यामुळे त्यांनी तेव्हा शिव्याही घातल्या होत्या. सदर खंड आपल्या दालनातील कुलूपबंद कपाटात आहे. तो पाहण्याच्या अर्जात प्रयोजनाचे चारच पर्याय आहेत : रस्ता, सर्वेक्षण, हद्दीचा वाद, इतर शासकीय. मी ‘हद्दीचा वाद’ यावर खूण केली. खिडकीवरच्या लिपिकाने विचारले, “कुणाच्या आणि कुणाच्या मध्ये?” मी अर्ज तसाच पुढे सरकवला. मागे रांग होती.

११. मी पदवीधर आहे. महाविद्यालयात तर्कशास्त्र घेतले होते. नसलेली गोष्ट नाही असे सिद्ध करणे किती अवघड असते, हे मला परीक्षेपुरते तरी माहीत होते. भिंगरीची शंका एकदाची मिटवावी या हेतूने गेला महिनाभर मी स्वतःवर लक्ष ठेवले. आरशात, दुकानाच्या काचेत, बंद दूरदर्शनच्या पडद्यात. आपणास सांगणे भाग आहे की मी थांबते. शेजारीण हसून बघते, तेव्हा मी आधी थांबते आणि मग हसते. पूर्वीपासून थांबत होते की सात आठवड्यांपासून, हे मला आठवत नाही. लग्नातले फोटो काढून बघितले. फोटोत कळत नाही.

१२. तरी विनंती की,

(अ) सदर खंडातील सोळा पाने आपल्या समक्ष, आपण म्हणाल त्या दिवशी, मला आणि भिंगरीला एकत्र पाहू द्यावीत. पानांना मी हात लावणार नाही. ती लावेल, पण ती हात धुऊन येईल.

(आ) ती पाने फाटलेली, छाटलेली वा गहाळ आढळल्यास आपल्या सही-शिक्क्याचा दाखला मिळावा. मुलीचा माझ्यावर नसला तरी शिक्क्यावर विश्वास आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकावरचा शिक्का ती बोटाने चाचपून बघते. आपला वेळ वाचावा म्हणून मसुदा देते : ‘दाखला देण्यात येतो की, अर्जदार ही सदर मुलीची आई असून ती मौन मंडळाची हस्तक नाही व यापूर्वी कधीही नव्हती.’ ‘यापुढे होणार नाही’ असे मी मुद्दाम घातलेले नाही. त्याची हमी आपल्याकडे मागणे योग्य होणार नाही.

(इ) पाने शाबूत असतील, आपण ती आधी एकटे पाहाल, आणि यादीत माझ्यासारखे कोणी आढळले, तर कृपया घरच्या पत्त्यावर कळवू नये. टपाल आता भिंगरीच उघडते. मी रोज साडेदहाला तिला शाळेत सोडून आपल्या इमारतीसमोरच्या बाकावर बसते. तेथे निरोप द्यावा. उपाय जो काही लिहिला असेल, तो त्रासदायक असला तरी करून घ्यायला मी तयार आहे. संध्याकाळी शाळा सुटायच्या आत आटोपता आला, तर फार बरे होईल.

उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
भिंगरीची आई
दिनांक : १९, मंगळवार