ओट्यावरच्या उड्या

अमरावती, १९६२

पाठक मास्तर, जय भीम.

माह्या ललिताले तुमी महिनाभर खो-खो खेळू देलं नाही, नुसत्या ओट्यावरून उड्या मारायले लावल्या. म्हणे, उतरताना तिचे गुडघे आत झुकतात, नीट वाकवून उतरायले शिकली नाही तर मोडून घेईल. बौद्धाच्या पोरीले बाहेर ठेवायचा बहाणा, असं मी धरलं.

काल अकोल्याच्या सामन्याले हेडमास्तरले द्यायची तुमच्याविरुद्धची तक्रार खिशात घेऊनच बसलो. खांबापाशी वळताना समोरच्या संघाची एक पोरगी गुडघा धरून कोसळली. ललिता तिथंच गुडघे वाकवून वळली अन् निसटली.

हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. समजवायले तुमी दोनदा घरी आलते. मी घरी नाही, असं सांगायले लावलं. तुमी आमच्या माठातलं पाणी पेऊन गेले. पेता का नाही, तेच मी दाराआडून पाहून राहिलो होतो.

ललिताचा बाप,
देवमन