गोट्याचा डावा पाय

३ नोव्हें., सोम.
चर्चमधल्या हंगामाच्या सणाला तेरा दिवस. काल उपासनेनंतर पाळकसाहेबांनी विचारलं, "यंदा तुमच्याकडून काय?" दरवर्षी पहिल्या काढणीचं भात असायचं, पप्पा स्वतः डोक्यावरून न्यायचे. मी म्हणाले, "बघते." खोटं बोलले. नाही, लपवलं. तेही तेच.
मार्चमध्ये पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी नवस बोलले : पप्पा वाचले तर चांदी शेळीचं पहिलं करडू देवाला. पप्पा वाचले. जुलैत करडू झालं. बोकड. मागचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला.

४ नोव्हें.
साखर कारखाना सुरू झालाय, उसाच्या शेंड्यांचं वाडं मिळतंय. गोट्या माझ्या हातातूनच खातो. करडाला नाव द्यायला नको होतं.
शाळेत घालायच्या आधी पप्पांनी मला स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूनं अक्षरं शिकवली, आणि अक्षरांबरोबर इस्राएल लोकांची अर्पणं. निर्दोष नर. लंगडं नको, आंधळं नको. मी बाराखडीसारखं म्हणायचे. आता विसरता येत नाही.

६ नोव्हें.
आईला नवसाचं सांगितलं.
"एवढंच व्हय? मामाकडनं धडधाकट करडू आणू. देवाला काय गोट्याच पायजे?"
बायबलातल्या मोशेच्या नियमात बदली चालत नाही. केलीच तर दोन्ही जनावरं देवाची. तेही वाचून दाखवलं. आई भाकरी थापत म्हणाली, "म्हंजे दोन्ही जाणार. मामाला तूच सांग मग."

८ नोव्हें.
पुढचा नियम सापडला. पहिला जन्मलेला नर लंगडा असेल तर वेदीवर आणू नये, घरीच खावा. आईला सांगायची चूक केली.
"मग काय, तांबडा-पांढरा रस्सा करू की."
मी जेवले नाही. थोड्या वेळानं ताट घेऊन आली. "चेष्टा केली गं. जेव."
खरं म्हणजे नियम वाचून पहिल्यांदा बरं वाटलं होतं. चालत नाही, म्हणजे गोट्या राहिला. मग कळलं, इतके दिवस मी नियम कशासाठी शोधत होते. नवस करताना पप्पा हवे होते, आता…

११ नोव्हें.
पप्पांना सांगितलं. त्यांचं बोलणं अजून अडखळतं.
"लंगडं चालत न्हाय, हे मीच शिकवलं की तुला."
"व्हय."
"याजकाचंबी तसंच हुतं. पाय अधू असला की वेदीपुढं जायाचं न्हाय."
 काठी घेऊन, एक पाय ओढत पप्पा गोठ्यापर्यंत जातात, बोळाच्या टोकापर्यंतही. चर्चला मात्र मार्चपासून गेलेले नाहीत. इतकी वर्षं दानाची थाळी त्यांच्या हातात असायची. दम लागतो म्हणून येत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगत होते.

१२ नोव्हें.
दिवसभर तेच डोक्यात. गोठ्यात पप्पांना म्हणाले, निर्दोष अर्पण ख्रिस्तानं एकदाच केलं. आता वेदी नाही. प्रेषित पौल म्हणतो, मनात ठरवलं तेवढं द्यावं, कुरकुरत नाही, आनंदानं.
पप्पा गोट्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. "त्यो नियम कशाला हुता, सांगू? आपल्याला नको झालेलं देवाच्या गळ्यात मारू नये म्हणून. तुला ह्यो नको झालाय काय?"
"न्हाय."
"मग."
"पण आनंदानं देता येईना, पप्पा."
"त्ये काय मला शिकवाय येत न्हाय," म्हणाले. हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले.

१५ नोव्हें.
उपासनेनंतर आणलेल्या सगळ्याचा लिलाव असतो. बोली लावेल त्याचं. कोण नेईल गोट्याला? कशासाठी नेईल? पाळकसाहेब पाय बघून नको म्हणाले तर? म्हणावेत, असंही वाटतं. हेही लिहून ठेवते.

१६ नोव्हें., रवि., सकाळी
गोट्याला ओल्या फडक्यानं पुसलं. आईनं नवा दोर बांधला. पप्पा कधीचे ओट्यावर येऊन बसलेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. एक बटण चुकलंय. मी लावायला गेले तर माझा हात बाजूला केला.
"दोर हिकडं दे. तुमी दोघी व्हा फुडं. आमी येतो सावकाश."
आई आत गेली, डोक्यावरचा पदर सारखा करत.
आनंद म्हणतात तो अजून आलेला नाही. रडूही आलं नाही.
पप्पा आणि गोट्या फाटकापर्यंत गेलेत. थांबलेत. कोण कुणासाठी थांबलंय, इथून दिसत नाही.