डावीकडून तिसरी

तीर्थरूप मामांस,

भिंगरीचा साडेसात अंगांनी नमस्कार. (साष्टांगातलं उरलेलं अर्धं अंग म्हणजे माझा उजवा गुडघा. तो सध्या पट्टीत आहे आणि हाडांच्या डॉक्टरांनी त्याला कोणापुढेही वाकायची बंदी केली आहे. त्यात मामाही आले, असं मी विचारल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितलं.)

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं आईकडून कळलं. पट्टी निघाल्याबरोबर तुम्ही डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्याची भिंत ओळंब्यात नसल्याचं सांगितलंत, हेही कळलं. चाळीस वर्षं ज्यानं लोकांच्या जमिनी मोजल्या आणि कुठे वितीचा फरक पडू दिला नाही, त्याचा डोळा उघडल्यावर पहिल्यांदा दुसऱ्याची चूकच बघणार, त्याला डॉक्टर तरी काय करतील? थेंब वेळेवर घालून घेता ना? मामींचा हात हलतो म्हणून तुम्ही रोज कुरकुरता असं ऐकलं. मामींचा हात हलत नाही, मामा. तुम्ही मान हलवता. मामींना नमस्कार सांगा, आणि हे वाक्य त्यांनाच आधी वाचायला द्या.

पत्र लिहिण्याचं कारण तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही शब्द टाकलात म्हणून पाणीपुरवठा कार्यालयातल्या तुमच्या मित्रांनी, म्हणजे साहेबांनी, मला मुलाखतीला बोलावलं. तिथे जे घडलं ते त्यांनी फोनवर सांगायच्या आत तुम्हाला माझ्याकडून कळावं, एवढाच हेतू. तिखटमीठ लावायचंच असेल तर ते घरच्या माणसानं लावलेलं बरं.

आधी मी गेले कशाला, ते सांगते. गेल्या महिन्यात तालीम संपल्यावर आमच्या बाईंनी (नृत्यमंडळ त्यांचं. एक ते आठ सोडून दुसरा आकडा त्यांच्या तोंडून सहसा निघत नाही) घाम पुसता पुसता सांगितलं की पुढचा कार्यक्रम पाच जणींचा बसवणार. आम्ही आठ आहोत. कुठल्या तिघी गळणार ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. सगळ्या एकदम वाकून आपापल्या चपला शोधायला लागलो. त्या दिवसापासून जी ती बाकीच्या सातजणींच्या गुडघ्यांकडे बघते. माझं वय चौतीस, मंडळात बारा वर्षं आणि गुडघ्याची ही अशी तऱ्हा. डॉक्टर म्हणतात, जपलात तर पुष्कळ चालेल आणि नाही जपलात तर नाही. (एवढ्यासाठी ते तीन फोटो काढतात.) त्यात आईनं तुमचं ते वाक्य पुन्हा बाहेर काढलं. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही आमचा कार्यक्रम बघून म्हणाला होतात, “पावलं बरोबर पडतात तुझी, पण मन नाही त्यात.” तेव्हापासून आमच्या घरात ते वाक्य दगडावरची रेघ आहे. मला जरा उशीर झाला, ताप आला, पगार लांबला, की आई म्हणते, मामांनी बघितलंय ना, मामांची नजर चुकायची नाही. मग तुम्ही साहेबांना फोन केलात आणि मी मुकाट्यानं इस्त्रीचे कपडे घालून निघाले.

कार्यक्रमाच्या आधी अंग मोकळं करायचं असतं, म्हणून मी पाऊण तास आधी पोचले आणि ऑफिसच्या जिन्याच्या कठड्यावर टाच ठेवून पाय ताणत उभी राहिले. शिपाई दोनदा वरून खाली गेला, एकदा खालून वर आला आणि शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाला, “ताई, अडकलाय का? धरून काढू?” मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग माझ्यासाठी पाणी आणलं आणि मी पिऊन होईस्तोवर हलला नाही. भला माणूस आहे.

आत तिघं होते. साहेब, चष्म्याच्या एक बाई आणि टाय लावलेले एक गृहस्थ, जे सारखी पेन्सिल तासत होते. पहिले प्रश्न सोपे होते, नाव, शिक्षण, टायपिंग येतं का वगैरे. मग टायवाल्यांनी माझा अर्ज हातात घेतला. त्यात ‘विशेष कौशल्य’ अशी एक रेघ होती. बाकीच्या उमेदवारांनी तिथे संगणक लिहिलं होतं म्हणे. मी खरं ते लिहिलं होतं: आवाज न करता पडता येतं.

मामा, हे हसण्यावारी नेऊ नका. आमच्या कार्यक्रमाच्या शेवटी संगीत थांबतं आणि आम्ही आठजणी एकेक करून उभ्याच्या उभ्या जमिनीवर कोसळतो. कोसळायचं, पण वाजायचं नाही. गुडघा, मांडी, कूस, खांदा, या क्रमानं जमीन अंगाखाली घ्यायची आणि श्वास आधीच सोडून ठेवायचा. शिकायला तीन वर्षं लागतात, आणि तीन वर्षांनीही बहुतेकजणी धप्प म्हणून वाजतातच. (त्यात आमच्या स्टेजला पुढच्या बाजूला चांगला उतार आहे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला लोकांनी इतक्यांदा ऐकवली आहे की शेवटी मी एकदा गोटी ठेवून बघितली. गोटी घरंगळत थेट पहिल्या रांगेत गेली. अंगण वाकडंच आहे, आणि नाचताही येतं.) बारा वर्षांत बाईंनी कोणाचंही कौतुक केलेलं नाही. फक्त एकदा, पाच वर्षांपूर्वी, मी पडल्यावर त्या नव्या मुलींना म्हणाल्या, “ही वाजत नाही.” लोक घरात पदकं लावतात. मी हे तीन शब्द लावले आहेत.

तर टायवाल्यांनी विचारलं, म्हणजे काय? आता सांगून काय कळणार? मी उठले, खुर्ची बाजूला केली आणि पडले. नेमके त्याच वेळी साहेब चष्मा पुसत होते. त्यांनी चष्मा लावला तर समोर उमेदवारच नाही. “अहो, गेल्या कुठे या?” असं म्हणून ते दाराकडे बघायला लागले. टायवाल्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली, आणि ती वाजली. चष्म्याच्या बाई तेवढ्या टेबलावरून वाकून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “लागलं नाही ना?” मी म्हटलं, नाही. मग त्यांनी पुढचा प्रश्न मी जमिनीवर असतानाच विचारून टाकला. “तुम्हाला नाच सोडायचाय का?” मी म्हटलं, “नाही.” म्हटल्यावर लक्षात आलं की नोकरीच्या मुलाखतीत याचं उत्तर असं द्यायचं नसतं. पण पडलेल्या माणसाला खोटं पटकन सुचत नाही.

मुलाखत संपली. साहेब म्हणाले, या आता, डावीकडच्या दारानं. इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे, समोर बसलेल्यांना पाठ दाखवायची नाही ही आमची शिस्त, त्यामुळे मी तोंडभर हसत उलट्या पावलांनी निघाले. दुसरं म्हणजे, आमच्यात डावी बाजू ही नेहमी नाचणाऱ्याची डावी. बघणाऱ्यांची डावी वेगळी असते हे मला माहीत आहे (कसं माहीत आहे, ते राहू दे), पण ऐनवेळी पाय ऐकत नाहीत. पाठीला दार लागलं, मी मागच्या मागे ते उघडलं, आत गेले आणि हळूच लोटून घेतलं. ते स्टेशनरीचं कपाट होतं.

मग बाहेर यायचं ना, असं तुम्ही म्हणाल. पण स्टेजवरून एकदा आत गेलेल्यानं दिवे जाईपर्यंत पुन्हा दिसायचं नाही, हा नियम माझ्या हाडीमाशी मुरला आहे. त्यामुळे मी दिवे जायची वाट बघत उभी राहिले. ऑफिसातले दिवे तुम्हाला हवे तेव्हा जात नाहीत. बाहेर त्या तिघांनी मला कपाटात शिरताना धडधडीत बघितलं होतं, पण मी इतक्या आत्मविश्वासानं शिरले की माझं आत काहीतरी काम असावं, असं त्यांना वाटलं. (हे मला मागाहून चष्म्याच्या बाईंनी सांगितलं.) मग त्या तिघांनी पुढचा उमेदवार बोलावला. त्याची मुलाखत मी अथपासून इतिपर्यंत ऐकली. मुलगा हुशार होता, पण फार बोलला. शेवटी त्याला काहीतरी लिहून दाखवायला कागद लागले आणि बाईंनी कपाट उघडलं. मी कोऱ्या कागदांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला, वाकून अभिवादन केलं आणि या खेपेला त्यांच्या डावीकडच्या दारानं बाहेर पडले. पाठ न दाखवता.

आता गंमत बघा. परवा पत्र आलं. नोकरी मलाच दिली आहे. अभिलेख विभाग, खिडकीजवळची जागा, एक तारखेपासून हजर व्हायचं. होय की नाही ते मंगळवारपर्यंत कळवायचं आहे. साहेब फोनवर म्हणाले की कागद कुठे ठेवलेले असतात हे पहिल्याच दिवशी शोधून काढणारी माझ्यासारखी दुसरी त्यांनी बघितलेली नाही. तेव्हा तुमचा शब्द वाया गेला नाही, मामा. तुमची मान खाली गेली नाही. आईनं शेजारच्या तीन घरांत सांगूनही टाकलं.

आणि मी मात्र दोन रात्री कूस बदलते आहे. कागदावर सगळं बरोबर आहे. खिडकी आहे, पगार वेळेवर आहे, गुडघ्याला खुर्ची आहे. पण कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी एक क्षण असतो. पडद्यामागे काळोख असतो, आठजणी रांगेत उभ्या असतो, आणि बाई काही बोलत नाहीत, नुसतं बोट वर करतात. आम्ही आठही जणी एकाच वेळी श्वास घेतो. तो श्वास मी बारा वर्षं घेते आहे आणि तो घेताना दर वेळी मला वाटतं की जगात आत्ता मी जिथे उभी आहे तिथेच मी हवी आहे. मी पहिल्या रांगेतली नर्तकी नाही, माझं नाव फलकावर नाही, माझा फोटो कुठे छापून आलेला नाही. पण मी चांगली नाचते, मामा. हे मी स्वतःच्या तोंडानं म्हणते आहे, कारण दुसरं कोणी म्हणेल याची वाट बघण्यात बारा वर्षं गेली. मला माझा अभिमान आहे. उद्या बाईंनी पाचांत घेतलं नाही तरी तो राहील. पण म्हणून आलेली नोकरी लाथाडायची का, हे मला कळत नाही. पुढच्या पाचांत मी नसले तर ना खिडकी ना रांग, अशी गत व्हायची.

बाकी सर्व क्षेम आहे. आईची कंबर बरी आहे. उन्हात काळा चष्मा लावल्याशिवाय बाहेर पडू नका. मामींना पुन्हा नमस्कार, तुम्हाला तो वरचाच साडेसात.

तुमची,
भिंगरी

ता.क. मामींचा तो निळा स्वेटर माझ्याकडेच आहे. हरवलेला नाही. मीच नेला होता.

ता.क. २ हे वर लिहायचं होतं, पण वर धीर झाला नाही. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही दोन बस बदलून आलात त्याआधी मी तुम्हाला कळवलं होतं की आम्ही सगळ्या तोंडाला पांढरा रंग लावतो, त्यामुळे ओळखू येणार नाही, तर मी डावीकडून तिसरी. मामा, ती माझी डावी होती. तुम्ही बसला होतात समोर. तुम्ही सबंध तासभर, एकटक, अगदी मन लावून बघितलंत ती दुसरीच मुलगी होती. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, “ओळखली की नाही बरोबर? मधे एक जांभईसुद्धा दिलीस!” तेव्हाच मला कळलं. मी जन्मात कधी स्टेजवर जांभई दिलेली नाही. पण तुमच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, आणि चाळीस वर्षं न चुकलेल्या नजरेला माझ्यामुळे बट्टा लागावा असं वाटेना, म्हणून मी हो म्हटलं. मग तुम्ही ते मनाचं वाक्य बोललात. तरी मी गप्प राहिले. त्याचं कारण भीती होतं. मला बघूनही तुम्ही तेच म्हणाला असतात तर? त्यापेक्षा, मामांनी अजून मला बघितलेलंच नाही, या आधारावर मी नऊ वर्षं काढली.

ता.क. ३ त्या मुलीबद्दल तुमचं निदान अगदी बरोबर होतं. महिन्याभरात तिनं नाच सोडला. आता विमा कंपनीत आहे, दोन बढत्या झाल्या, मजेत आहे. तुमच्या नजरेत खोट नव्हती, खोट माझ्या पत्रात होती.

ता.क. ४ सोबत तिकीट आहे. येत्या रविवारी संध्याकाळी सहाला या हंगामातला शेवटचा प्रयोग. मंगळवार त्यानंतर येतो, हे मी मुद्दाम मोजून बघितलं आहे. या आणि बघा. बघून तुम्ही पुन्हा तेच म्हणालात तर मी एक तारखेला खिडकीत जाऊन बसेन आणि शब्दानं कुरकुरणार नाही. या खेपेला मोजणी तुमच्या बाजूनं करून देते आहे: तुमच्या डावीकडून सहावी. आणि नव्या डोळ्याला दिव्यांचा त्रास झाला, तर शेवटी तो मिटून घ्या आणि कान द्या. संगीत थांबेल, आम्ही एकेक करून पडू आणि सात आवाज येतील. जो येणार नाही, ती मी.