टँकरच्या वेळेची सभा

मंगळवार, अहमदपूर तालुका

नवा जिल्हा झाल्यापासून मोठी माणसं फार येऊन राहिलीत. आज जुलाबाच्या साथीवर संशोधन करणारे डॉक्टर आले. जीपमधून उतरताच म्हणाले, "सिस्टर, खुर्च्या मांडा." नर्सला दुसरं काम काय म्हणा.

सभा चारला, पाटलांच्या ओसरीवर. गावात टँकरही चारलाच येतो. अख्खं गाव घागरी घेऊन तिकडं आणि ओसरीवर पाटलांच्या घरचे तेवढे. त्यांना घरची विहीर. त्यांना कशाला जुलाब होतील? साहेबांनी त्याच विहिरीचं पाणी बाटलीत भरलं, वहीत लिहिलं, 'गावकरी उदासीन', आणि चहा घेऊन गेले.

उदासीन.

बौद्धवाड्यातल्या सखूबाईला हे सांगितलं. डोक्यावरची घागर न उतरवता ती म्हणाली, "आमी समदे टँकरपाशीच हाव की. तिथं येऊन इचारायचं होतं." शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला कळतं ते या शहाण्याला कळू नये?

मला तर टँकरची वेळ पहिल्यापासून माहीत होती. मग बोलले का नाही? कुणी विचारलं नाही म्हणून?

खुर्च्या मात्र मांडल्या. पाच. अगदी ओळीत.