सुरतचा रंग

पारोळा,
८ जानेवारी २०२५

ती. सरलाताईस धाकट्या गोपालचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितो. थंडी पडली की माझी बोटं आधी पांढरी, मग निळी पडतात. माय म्हणाली, सुरतचा रंग राहिला असेल, आणि राख घेऊन घासत बसली. पण तिथल्या मिलमध्ये मी रंगखात्यात कधी नव्हतोच. साड्यांवरचे तेलाचे डाग काढायच्या टेबलावर होतो, जिथे आता तुझी वर्षा बसते. डाग काढायचं ते औषध तर पाण्यासारखं बिनरंगी, वासाला गोडसर.

धुळ्याच्या डॉक्टरांनी नेमकं त्याचंच विचारलं. म्हणाले, अशा औषधाच्या वाफेने कधीकधी अंगातले रोगाशी लढणारे राखणदारच उलटतात आणि घरच्यांनाच मारू लागतात. काम सोडून सहा वर्षं झाली ताई, तरी कातडी ताठत चालली आहे. मला भीती वाटते. पोरीला त्या टेबलावरून उठव.

माया आहे तशी राहू दे.
तुझा गोपाल


गोडादरा,
सुरत, २० जानेवारी २०२५

चि. गोपालला ताईचे अनेक आशीर्वाद.

लहानपणी नुसतं खरचटलं तरी तू गाव गोळा करायचास, म्हणून आधी हसले. दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू गेलं. सावलीतलं, बसून काम म्हणून मला ते बरं वाटायचं. शेठच्या हातापाया पडून वर्षाला घडी खात्यात घालून घेतलं. आता गल्लीभर सांगत फिरते, भावाच्या पत्राने पोर वाचली.

तिळगूळ पाठवला आहे. हात उबेत ठेव, आणि मायला घासू देऊ नकोस.

तुझी ताई


गोडादरा,
सुरत, १४ एप्रिल २०२५

ती. गोपालमामांस वर्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोन करावा तर आई जवळच असते. घडी खात्यात बरं आहे. तो गोड वास तिथे नाही, पण घरी भाकरी मोडताना मला येतो. आई रोज माझे केस हुंगते आणि काही येत नाही म्हणते.

काल पर्वत पाटियाच्या नाक्यावर तिने बर्फाचा गोळा घेऊन दिला. खाता खाता माझी बोटं पांढरी झाली, मग निळी. तिने हात धरून विचारलं, तर मी म्हटलं, गोळ्याचा रंग लागला. ती पदर ओला करून पुसत राहिली.

तुमच्या डॉक्टरांचा पत्ता पाठवा. आईला एवढ्यात कळवू नका, तिला वाटतं मी वाचले.

गोळा केशरी होता, मामा. रंग आईनेच निवडला होता.

लोभ राहू द्या.
तुमची वर्षा