टेलरच्या बांधीबाबत

मी, खुशाल दादाजी राहांगडाले, वय ५६, धंदा मोटार रिवाइंडिंग, राहणार बपेरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाविना स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असणाऱ्याने मी बांधलेली कोणतीही मोटार चालू करून पाहावी.

१. घर, बँकेतील शिल्लक व कलम ३ मधील बांधी सोडून बाकीची शेती पत्नी सुलोचना हिची. तिच्या हयातीत वाटणीचा विषय कोणी काढू नये.

२. दुकान, वाइंडिंग मशीन, मीटर व सगळे पाने मुलगा वीरेंद्र याचे. मायक्रोमीटरने खिळा ठोकू नये. एकदा ठोकून झाला आहे.

३. सिहोरा रस्त्यालगतची नऊ आर बांधी, म्हणजे मातीच्या धुऱ्यांनी, बांधांनी वेढलेला धानाचा तुकडा, मुलगी डिंपल हिला. वीरेंद्रला का नाही, ते लिहितो.

१९४४ साली एक जळते विमान गावावरून गेले आणि पुढच्या जंगलात पडले. त्यातला एक गोरा छत्रीने या बांधीत उतरला, पण हातपाय मोडून. माझी आजी बायजाबाई तेव्हा नवी सून. ती सांगे, "छातीवर हात ठेवून टेलर, टेलर म्हणे. आमाले वाटलं, कपडे फाटले म्हून टेलर मांगून राहिला. मंग सासऱ्यानं सिहोऱ्याच्या भैय्यालालले बैलगाडीत घालून आणलं." भैय्यालाल कामठीच्या छावणीत शिवण शिकलेला, म्हणून त्याला शिंपी न म्हणता टेलर म्हणत. तो मशीनसकट आला. तोवर गोरा गेला होता. भैय्यालालने त्याच छत्रीच्या कापडात त्याला गुंडाळून शिवले. ईशान्य कोपऱ्यात पुरले. साहेब मेल्याचे आपल्यावर येईल म्हणून कोणी बोलले नाही. बांधीला नाव मात्र पडले.

तो माणूस आपले नाव सांगत होता. हे मला, नववी नापासाला, शब्दकोशावरून इंग्रजी शिकल्यावर कळले.

४. त्या साली हिंदुस्थानातून उडून बेपत्ता झालेल्या इंग्रज विमानवाल्यांच्या यादीत टेलर दोन आहेत. एक वायरलेसवाला, एक नकाशा पाहणारा. दोघांपुढे 'समुद्रात' लिहिले आहे. आमच्या गावाला समुद्र नाही. माझे मन वायरलेसवाल्याकडे जाते, पण मी अंदाज कागदावर चढवत नाही. हाडे तपासली तर कळेल. ज्यांची ती यादी, त्या विलायतेतल्या कार्यालयाला अकरा पत्रे लिहिली. उत्तर आले, 'स्थानिक दंतकथा'. तुमसरचे एक निवृत्त प्राध्यापक तर भर दुकानात म्हणाले, "खुशालभाऊ, तुमी मोटारी बांधा, इतिहास आमच्याकडं राहू द्या." त्यांना माझा शब्दकोश द्यावा. 'टी'च्या पानावर खूण आहे.

५. वीरेंद्र धुरे फोडून सगळी शेती एक करू म्हणतो. "बाबा, मेला माणूस कवापर्यंत जागा अडवन?" मी म्हटले, "त्याले नाव भेटतपर्यंत." माझ्या मरणाने हे उत्तर बदलत नाही. त्या कोपऱ्यात ट्रॅक्टर शिरल्यास कलम २ रद्द समजावे आणि अवजारे गावच्या शाळेला द्यावी.

६. कोपऱ्यात मी आज दगड बसवला. परवानगी मागितली नाही. 'टेलर' कोरून त्याआधी पहिल्या नावासाठी एक वीत जागा कोरी सोडली आहे. ती डिंपलने भरावी, पण खात्री झाल्यावरच. त्याच्या घरचे कोणी आले तर चहा पाजून माणूस त्यांच्या हवाली करावा. दुसरे कोणी दगड हलवायला आले, तर टेलर इथे नाही याचा पुरावा आधी त्यांनी द्यावा. लेखी.

सही : खुशाल दादाजी राहांगडाले

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.
साक्षीदार : १. घनश्याम पटले २. शकुंतलाबाई कटरे

बपेरा, १९ नोव्हेंबर २०२४