सासऱ्यांच्या फॉर्मवर लिहिलेलं 'नाही'

२ ऑक्टोबर
आज तंबाखूच्या सर्वेक्षणाची एकवीस घरं. पायांचे तुकडे पडले! सिगारेट किती, तोंडात धरायची नसवाय किती, किती वर्षं, छातीत दुखतं का. कशानं हृदय जास्त बिघडतं ते रैहान-एजेंना शोधायचंय. जलालाबादच्या मोठ्या डॉक्टर, पण बोलायला साध्या, 'एजे' म्हणजे ताईच म्हणा म्हणतात. एकदाच कडक झाल्या, पहिल्या दिवशी — "एक फॉर्म जरी मनानं भरलात तरी तुमचे सगळे फॉर्म टोपलीत, आणि तुम्ही घरी."
लोक मात्र भारी! शेजारची म्हणते, "नसवायला तंबाखू म्हणतेस? धूर तरी निघतो का त्यातून!" मी हसते आणि लिहिते — दिवसाला पंधरा चिमट्या, जिभेखाली.
उद्या आमचंच घर.

३ ऑक्टोबर
केलं. म्हणजे — नाही केलं.
सासरे अंगणात अक्रोड सोलत होते. मी चहा घेऊन गेले, फॉर्म काखेत. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नाही, त्यांचं नावसुद्धा तोंडातून काढलं नाही. त्यांना विचारू काय — बाबा, दिवसातून किती वेळा नसवाय धरता? मी दिसले की ते पाठ फिरवून थुंकून येतात. मी न पाहिल्यासारखं करते. घर असंच चाललंय!
चहा ठेवला आणि परत फिरले. चुलीपाशी बसून सगळं आपल्या मनानं लिहिलं. सिगारेट — नाही. नसवाय — नाही. छातीत दुखणं — नाही.

५ ऑक्टोबर
चौसष्ट फॉर्म दिले. शाबासकी मिळाली. घशाखाली उतरली नाही.

११ ऑक्टोबर
यादी लागली. तंबाखूवाल्यांचा ईसीजी ह्याच महिन्यात, तपासणीची गाडी गावात येणार. 'नाही'वाले मार्चमध्ये.
सासरे मार्चमध्ये. मीच ढकललं त्यांना तिकडे.

१५ ऑक्टोबर
आज रानात सासरे झाडाखाली मटकन बसले. हात छातीवर, कपाळ घामानं थबथबलेलं. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "काल मटण जास्त खाल्लंत, दुसरं काय!" मला म्हणाल्या, "विचार तुझ्या डॉक्टरणीला."
फोन केला. रैहान-एजेंनी फॉर्म काढून पाहिला. "तंबाखू नाही, आधी कधी दुखलेलं नाही... पित्त असू शकेल. परत दुखलं तर थांबू नका, लगेच आणा."
तेव्हाच सांगायचं होतं! तोंडाशी आलेलं गिळलं. मेली माझी नोकरी, मेली ती शाबासकी! — असं आता लिहितेय. तेव्हा मात्र "बरं एजे" म्हणाले.

१६ ऑक्टोबर
नवऱ्याला सांगितलं. तो हादरलाच — "तू बाबांना असलं विचारणार होतीस?"
म्हटलं, मग तूच विचार ना.
"मी? अगं, मी मुलगा आहे त्यांचा!"
घ्या! सगळं घर लाजाळू. एक छाती तेवढी दुखतेय.

१८ ऑक्टोबर
सासऱ्यांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. दोनदा अंगणात थांबले, भिंतीला हात लावून. राहवेना. सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, त्या सासऱ्यांना समजावतील. कणीक मळता मळता हात थांबला त्यांचा. "तुझ्या लाजेपायी मला विधवा करशील, असीलगुल!" केवढ्यानं ओरडल्या! पलीकडच्या खोलीत सासरे होते.
मधलं दार उघडंच होतं.
उद्या गाडी येतेय. जाऊन सांगणार. टोपलीत टाकू देत चौसष्टच्या चौसष्ट.

१९ ऑक्टोबर
गाडीपाशी पोचले तर सासरे आधीच तिथे. टोपी हातात घेऊन, अर्ध्या गावासमोर रैहान-एजेंना सांगत होते — "चाळीस वर्षं नसवाय धरतोय. सुनेनं रीतसर विचारलं होतं. मीच खोटं बोललो तिच्याशी." बायका डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसल्या.
ईसीजी चांगला नाही. तसंच त्याच गाडीतून जलालाबादला नेलं.
जाताना रैहान-एजेंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी काही चूक नाही."
मी मान हलवली, परत "बरं एजे" म्हणाले.